सदुसष्टावी वाटी

१

तुन न्वेची जन्मपत्री चोरीला गेली त्याला आठ वर्षं झाली होती, आणि चोर कोण हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चोर त्याची स्वतःची मुलगी होती.

हे त्याने पोलिसांना कधी सांगितलं नाही. सांगितलं ते रंगूनच्या म्यायोन पॅगोड्यावर, पूर्वेच्या जिन्यात फुलं आणि मेणबत्त्या विकणाऱ्या ओन म्याला. हरवलेल्या वस्तू आणि हरवलेली माणसं शोधून देणं हा काही ओन म्याचा धंदा नव्हता, ती तिची खोड होती. तीस वर्षं एकाच पायरीवर बसून, चिरूट ओढत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला बघून तिला माणसं वाचायची सवय लागली होती. अख्खा मोहल्ला तिला मावशी म्हणायचा आणि तिच्या जिभेला वचकून असायचा.

तो रविवार होता. पावसाळा सरत आला होता आणि थडिंजूची दिव्यांची पौर्णिमा आठवड्यावर आली होती. थडिंजूला मुलं आईवडिलांच्या पाया पडतात, म्हणून त्या दिवसांत एकटी म्हातारी माणसं जरा जास्तच एकटी दिसतात. हा म्हातारा रात्रभर बसमध्ये बसून आला होता. अंगात धुवट पांढरं जाकीट, मांडीवर ताडाच्या पानांची टोपली, आणि टोपलीत ताडगूळ. केस मात्र ताजे कापलेले, मानेवर अजून बारीक केस चिकटलेले.

"लग्नाला आलात की काय, दादा?" ओन म्याने विचारलं. "एवढं डोकं चकाचक करून?"

"काल निघायच्या आधी कापून घेतले," तो ओशाळून म्हणाला. "मुलगी भेटलीच तर बाप भुतासारखा दिसायला नको."

मग त्याने सगळं सांगितलं. गाव तानबिनगोन, तिकडे वर, ताडाच्या मुलखात. बायको लवकर गेली. एकच मुलगी, सांदा, मंगळवारची. गावात पाण्याचा पंप दुरुस्त करायला यान नाइंग नावाचा एक कारागीर आला आणि सांदा त्याच्यात गुंतली. मुलगा निर्व्यसनी, हाताचा हुशार. खोट एकच होती. तो बुधवारी दुपारनंतर जन्मलेला, म्हणजे राहूचा.

"मी तिला सांगितलं, राहूची सावली माझ्या घरावर पडू देणार नाही. त्याच्याशी लग्न केलंस तर हा उंबरठा तुला बंद." म्हाताऱ्याने टोपलीचा काठ घट्ट धरला. "ती काही बोलली नाही, बाई. नुसती माझ्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नव्हती, आणि माझ्या आईच्या पेटीतली माझी पत्रीही नव्हती. ताडपत्रावर कोरलेली, लाल फडक्यातली."

"पेटीतलं आणखी काय गेलं?"

"काही नाही. सोन्याच्या कुड्या तशाच होत्या."

ओन म्याने चिरूट विझवला. सोन्याच्या कुड्या सोडून बापाची पत्री नेणारा चोर तिने आजवर पाहिला नव्हता.

"मग तुमचं काही अडलं का पत्रीवाचून?"

"छे. त्याच आठवड्यात गावच्या पॅगोड्यावर कळस चढवायचा होता. मी विश्वस्तांचा प्रमुख. मुहूर्त काढायला ज्योतिषाने सगळ्या विश्वस्तांच्या पत्र्या मागितल्या होत्या. माझी चोरीला गेली म्हटल्यावर तो म्हणाला, वार सांगा, पुरे. मी सांगितला शनिवार. झालं काम."

नाव तुन न्वे, म्हणजे वार शनिवारच. आमच्याकडे नावाचं पहिलं अक्षर जन्मवारावरून ठेवतात, म्हणून नाव ऐकलं की वार कळतो, त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

"ठीक आहे, शोधू या," ओन म्या म्हणाली. "पोरगीही शोधू आणि पत्रीही."

त्यावर म्हातारा जे बोलला ते तिला रात्री जेवतानाही आठवत राहिलं.

"पत्री नको, बाई," तो घाईघाईने म्हणाला. "मुलगी तेवढी शोधा. पत्रीबद्दल कुणालाच काही विचारू नका."

२

ओन म्याला स्वतःला शोधायला कधी कुणी आलं नव्हतं. सोळाव्या वर्षी ती इरावतीच्या मुखाकडल्या गावातून पळून आली. पहिली काही वर्षं ती जिन्यावर चढणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याचे पाय निरखायची, आपल्या बापाचे आहेत का म्हणून. ते पाय कधीच आले नाहीत. म्हणून या म्हाताऱ्याला तिने भाचीच्या घरी झोपायला जागा दिली आणि सोमवारी सकाळी फुलांचं दुकान भाचीवर सोपवलं.

कामाला लागण्याआधी ती त्याला घेऊन वर गेली. पॅगोड्याच्या आठ दिशांना आठ वारांची ठाणी, कारण बुधवारचे सकाळ आणि दुपार असे दोन भाग. प्रत्येक ठाण्यावर त्या वाराचा प्राणी, एक मूर्ती आणि पाण्याचा हंडा. आपल्या वाराच्या ठाण्यावर जायचं, आपल्या वयाची जितकी वर्षं तितक्या वाट्या पाणी मूर्तीवर घालायचं, आणि वर एक जास्त, येणाऱ्या वर्षासाठी.

तुन न्वेने नैर्ऋत्येला शनिवारच्या नागापाशी पाणी घातलं. भराभर घातलं, अंगणात सडा टाकावा तसं. ओठ हलत नव्हते, मोजत नव्हता. मध्येच त्याची नजर वायव्येच्या कोपऱ्याकडे गेली आणि चटका बसल्यासारखी परत आली.

"एवढ्यात झाल्या?" हंडे भरणारा फो सी कमरेवर हात ठेवून उभा होता. पॅगोड्यावर पाणी वाहून वाहून त्याची कंबर आणि स्वभाव दोन्ही वाकडे झाले होते. "बरं आहे. तुमच्यासारखे सगळे असते तर मी सुखाने मेलो असतो. इथे एकेक नग आहेत, मावशी. म्हातारी माणसं दहा वाट्यांत आटपतात, आणि एक तरुण बाई आहे ती हंडा खरवडून जाते. काय ब्रह्मदेवाचं वय घेऊन आलीय कोण जाणे!"

"तुझी कंबर वाकवायला आलीय," ओन म्या म्हणाली आणि पुढे झाली.

बसथांबा पश्चिमेच्या जिन्याखाली होता. समोर चहाचं दुकान, त्याच्या शेजारी न्हावी आपल्याच खुर्चीत तंगड्या पसरून पेंगत होता.

"गिऱ्हाईक नाही वाटतं?" ओन म्याने जाता जाता टोकलं.

"सोमवारी कुठलं गिऱ्हाईक, मावशी? सोमवार गेला, शुक्रवार गेला, आणि ज्याचा त्याचा जन्मवार गेला. त्या दिवशी केसाला कात्री लावून दैव कोण कापून घेणार? आमचं पोट उरलेल्या दिवसांवर."

चहाच्या दुकानात तानबिनगोनच्या बसचा वाहक खिन लात मोहिंगाच्या, माशाच्या रश्शातल्या शेवयांच्या, वाडग्यात तोंड घालून बसला होता. सांदाला पाहिल्याची बातमी गावात यानेच नेली होती.

"सांदाच होती," तो तोंड पुसत म्हणाला. "शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची, मी चुकेन होय? या समोरच्या जिन्याने वर चढत होती, हातात पांढरी फुलं. हाक मारली, पण बसचा भोंगा वाजत होता."

"एकदाच दिसली?"

"दोनदा. एकदा पावसाळा लागताना, वाझोच्या पौर्णिमेच्या आधी आणि एकदा परवा-परवा. दोन्ही वेळा दुपारी, आमची गाडी नुकतीच लागली होती."

"वार कोणता होता?"

"आमच्या दोनच फेऱ्या. रविवारची गाडी पहाटे लागते, बुधवारची दुपारी." त्याने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे बुधवार. दोन्ही वेळा बुधवारच."

तुन न्वेच्या हातातला कप कलंडला आणि चहा त्याच्या पांढऱ्या जाकिटावर सांडला.

३

"बुधवारचा तिचा नवरा आहे ना," बाहेर आल्यावर ओन म्या म्हणाली. "त्याच्यासाठी येत असेल."

"हो, हो. त्याच्यासाठीच," तुन न्वे म्हणाला. जरा जास्तच चटकन म्हणाला.

खिन लातला आणखी एक गोष्ट माहीत होती. पळून आल्यावर सांदा आणि यान नाइंग पहिल्यांदा बसथांब्यामागच्या गल्लीत, सेइन यी नावाच्या विधवेकडे खोली घेऊन राहिले होते. सेइन यी दारात थनखाचं सुवासिक लाकूड उगाळत बसली होती. गालांवर त्याचा लेप, आणि तोंडाने गल्लीतल्या साऱ्या जगाचा उद्धार.

"सांदा? गुणाची पोर. नवराही बरा, माझी शिलाईची मशीन फुकटात नीट करून दिली. पाच वर्षं झाली त्यांना जाऊन. नदीपलीकडे कुठेशी त्याला गोदीत काम लागलं. पत्ता विचारू नका, मला माझ्या बहिणीचा पत्ता लक्षात राहत नाही." मग तिने तुन न्वेकडे बघितलं. "हे कोण?"

"तिच्या गावचे," ओन म्या म्हणाली.

"मग त्या बापाला जाऊन सांगा हो, असली पोर टाकणारा माणूस करंटा! कधी त्याच्याबद्दल वावगा शब्द काढला नाही तिने. मी खोदून खोदून विचारायची, काय झालं ग, का बोलत नाही? म्हणायची, मावशी, ते घाबरले होते. बस, एवढंच."

तुन न्वेने मान खाली घातली. ओन म्याने त्याची विनवणी विसरल्यासारखं केलं आणि सरळ विचारलं, "तिच्याजवळ ताडपत्राची एखादी पत्री होती का?"

"होती की. लाल फडक्यात. देव्हाऱ्यात सगळ्यांत वर ठेवायची, नवऱ्यालासुद्धा हात लावू द्यायची नाही. मला वाटलं तिचीच असेल. म्हटलं, दाखव, काय लिहिलंय तुझ्या नशिबात. तर म्हणाली, माझी नाही, आमच्या घरच्या मोठ्या माणसाची आहे. भलत्याच्या हाती पडू नये म्हणून मी आणलीय."

"भलत्याच्या हाती?" तुन न्वे एकदम म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "असं म्हणाली ती? अगदी असंच?"

"मी काय खोटं सांगतेय?" सेइन यी भडकली.

परतताना तो गल्लीच्या तोंडाशी भिंतीला टेकून उभा राहिला. ओन म्याला वाटलं, रडेल. तो रडला नाही.

"आठ वर्षं मला वाटत होतं, तिने सूड म्हणून नेली," तो म्हणाला. "रोज वाटायचं, आज दाखवेल कुणाला, उद्या दाखवेल."

"दाखवली तर काय बिघडलं असतं, दादा? शनिवारच्या माणसाच्या पत्रीत दाखवू नये असं असतं तरी काय?"

तो टोपली उचलून चालू लागला.

४

मंगळवार हा सांदाचा स्वतःचा वार. दोघं सकाळपासून आग्नेयेच्या सिंहापाशी सावलीत बसली. माणसं आली, पाणी घालून गेली. बाराच्या सुमाराला निळ्या लुंगीतली, सांदाच्याच बांध्याची एक बाई आली तेव्हा तुन न्वे उठून दोन पावलं पुढे गेला. बाईने मागे वळून बघितलं, ती दुसरीच कुणी होती. तो परत येऊन बसला आणि उगाच टोपलीतला ताडगूळ मोजू लागला. सांदाला तो नारळाबरोबर आवडायचा म्हणे. लहानपणी ती खडा गालात धरून झोपायची आणि सकाळी उशीला मुंग्या लागायच्या.

"आई रागवायची तिला," तो म्हणाला, "पण खडा द्यायचो मीच. चोरून."

दुपार टळली तरी सांदा आली नाही. फो सी रिकाम्या बादल्या घेऊन शेजारी टेकला आणि कंबर दाबू लागला.

"उद्या बुधवार," तो कण्हत म्हणाला. "उद्या पुन्हा ती हंडाखाऊ बाई."

ओन म्याच्या हातातला चिरूट तोंडाकडे जाता जाता थांबला. "ती बुधवारी येते? कुठल्या ठाण्यावर?"

"राहूच्या. वायव्येला, बिनसुळ्यांच्या हत्तीपाशी. दुपारी येते, पांढरी फुलं घेऊन. पस्तिशीच्या आतली असेल. एकही आठवडा चुकत नाही."

"आणि वाट्या किती घालते? नीट सांग, फो सी, तुझ्या कमरेची शपथ."

"मोजायला कशाला हवं? हंडा साठ वाट्यांचा. साठ झाल्या की मी दुसऱ्यांदा ओततो, मग ती उरलेल्या घालते. पूर्वी सहा उरायच्या. वाझोच्या पौर्णिमेपासून सात. म्हणजे सदुसष्ट. तरण्या बाईला सदुसष्ट कशाला लागतात, मला सांगा!"

ओन म्याने तुन न्वेकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"यान नाइंग किती वर्षांचा असेल, दादा?" तिने हळूच विचारलं.

"चाळिशीचा."

"आणि तुम्ही?"

तो उठला. ताडगुळाची टोपली तिथेच राहिली. तो चपला न घालताच पूर्वेच्या जिन्याने खाली उतरून गेला.

५

बुधवारी सकाळी तो आपली वळकटी बांधून भाचीच्या ओसरीवर बसलेला ओन म्याला सापडला. दहाच्या आगगाडीने परत जातो म्हणाला. तिने त्याच्यासमोर लापेटची, आंबवलेल्या चहाच्या पानांची, थाळी ठेवली, स्वतःसाठी चिरूट पेटवला आणि त्याच्या वळकटीवरच बसली.

"आता जा कसे जाता ते. आधी ऐका. चुकलं तर मला वेडी म्हणा." तिने धूर सोडला. "एक बाई बुधवारी दुपारी राहूच्या ठाण्यावर पाणी घालते. ती सांदा आहे. वाहकाने तिला पांढऱ्या फुलांसकट पाहिलीय, फो सीनेही पांढरी फुलंच सांगितली. ती स्वतः मंगळवारची, म्हणजे पाणी स्वतःसाठी नाही. नवरा राहूचा खरा, पण तो चाळिशीचा. त्याला एक्केचाळीस पुरेत. सदुसष्ट वाट्या म्हणजे सहासष्ट वर्षांचं माणूस. तुमचा वाढदिवस कधी असतो?"

"वाझोत," तो पुटपुटला. "पौर्णिमेच्या सुमाराला."

"तेव्हाच तिची एक वाटी वाढली. सहासष्ट पुरी झाली तुम्हाला?"

त्याने मान डोलावली.

"मग ती तुमच्यासाठी पाणी घालते, पण राहूच्या ठाण्यावर. एक तर तुमच्या पोरीला बापाचा वार ठाऊक नाही, नाही तर जगाला ठाऊक नाही. पत्री तिच्याजवळ आहे, तेव्हा ती चुकायची नाही."

"नाव माझं तुन न्वे आहे," तो अडखळत म्हणाला. "शनिवारचं नाव."

"नाव आई ठेवते, दादा. पण केस तुम्ही कापलेत. रविवारी आलात तेव्हा मला काय म्हणालात? काल कापले. काल म्हणजे शनिवार. शनिवारचा माणूस एकुलत्या एका मुलीला भेटायला निघताना, नशिबाची एवढी गरज असताना, शनिवारीच डोक्याला कात्री लावेल? आमच्या न्हाव्याला विचारा. जगाला सांगायचा वार तुम्ही साठ वर्षं सांभाळलात. पण अंगाला ठाऊक होतं की आपला वार दुसराच आहे, म्हणून हात थांबला नाही."

आत भाची तांदूळ निवडत होती तेवढा आवाज येत होता.

"आईने लपवलं," तुन न्वे शेवटी म्हणाला. "माझ्या आधीचा भाऊ राहूचाच होता, वर्षाच्या आत गेला. लोक म्हणाले, या घरावर सावली आहे. माझ्या वेळी तिने सुईणीला गप्प केलं आणि तीन दिवसांनी जन्म झाला म्हणून सांगितलं. नाव शनिवारचं, पण पत्री मात्र परगावच्या ज्योतिषाकडून खरी करून घेतली. मरताना मला सांगितलं, कुणाला दाखवू नकोस. मी विश्वस्त झालो, प्रमुख झालो. राहूच्या माणसाला आमच्या गावात कळसाच्या दोरीला हात लावू देत नाहीत, बाई."

"आणि जावई मात्र राहूचा म्हणून हाकललात."

"तो दारात उभा राहिला की मला वाटायचं, लोक त्याच्याकडे बघता बघता माझ्याकडे बघतील." त्याने डोळे पुसले. "त्या दिवशी सकाळी सांदा आईची पेटी उन्हात घालत होती. तिने पत्री वाचली असणार. दुपारी मी ते सगळं बोललो आणि ती नुसती बघत राहिली. तिला ठाऊक होतं. एका शब्दाने ती मला खोटा पाडू शकली असती."

"तिने पाडलं नाही. उलट कळसाच्या आठवड्यात ज्योतिषी पत्री मागणार हेही तिला ठाऊक होतं." ओन म्या पुढे वाकली. "पत्री पेटीत असती तर तुम्हाला दाखवावी लागली असती. ती चोरीला गेली म्हणूनच तुमचं भागलं. घर सोडून जाणाऱ्या पोरीने सोन्याला हात लावला नाही, तुमची लाज तेवढी उचलून नेली. जिला तुम्ही आठ वर्षं चोरी म्हणता ती ही."

म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो रडला, अगदी हुंदके देऊन. ओन म्याने त्याला रडू दिलं. तिचेही डोळे ओलावले होते, पण चिरुटाच्या धुरावर ढकलायची सोय होती.

"माझ्या लक्षात न येणारं एकच उरलंय," ती जरा वेळाने म्हणाली. "नदीपलीकडे काय पॅगोडे नाहीत? दर आठवड्याला होडी पकडून, अर्धं शहर ओलांडून ती याच पॅगोड्यावर का येते?"

तिने हे विचारलं आणि बोलता बोलताच तिला उत्तर कळलं. बुधवारी दुपारी पश्चिमेच्या जिन्याखाली तानबिनगोनची बस लागते.

"वाट बघायला येते हो," ओन म्या म्हणाली. "उठा. दहाची गाडी गेली."

६

दुपारी एकच्या सुमाराला ती दोघं वायव्येच्या कोपऱ्यात पोचली. बिनसुळ्यांचा काळा हत्ती उन्हात तापला होता. ओन म्याचा विचार होता की खांबाआड बसावं, सांदा येऊ द्यावी, मग हळूच पुढे व्हावं. पण तुन न्वे खांबापाशी थांबला नाही. तो सरळ हत्तीसमोर गेला आणि गुडघ्यांवर बसून त्याने हात जोडले. भोवती पंधरावीस माणसं होती. त्याच्या गावचा खिन लातही बुधवारच्या गाडीबरोबर आला होता आणि मेणबत्ती घेऊन वर चढत होता. खिन लातने त्याला पाहिलं, थबकला आणि तोंड उघडं ठेवून बघत राहिला.

"हो रे," तुन न्वे त्याला मोठ्याने म्हणाला. "मी राहूचा आहे. बुधवार, दुपारनंतर. गावात जाऊन सांग."

मग त्याने वाटी उचलली आणि पाणी घालायला सुरुवात केली. या खेपेला मोजत होता. एक, दोन, तीन. सहासष्ट वर्षं न घातलेलं पाणी त्याला एका दुपारी घालायचं होतं. फो सी बादली घेऊन आला, काहीतरी खवचट बोलणार होता, पण ओन म्याने डोळे वटारले.

पश्चिमेच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर एक बाई येऊन उभी राहिली. हातात पांढरी फुलं, कपाळावर घाम. ती दोन पावलं पुढे आली आणि तिथेच थांबली. ओन म्याने तिला पाहिलं आणि स्वतःचं तोंड पदराने झाकावं तसं शालीने झाकून घेतलं. बाई हलली नाही, हाक मारली नाही. म्हाताऱ्याच्या पाठीकडे बघत नुसती उभी राहिली, आणि तिचे ओठ हलत होते.

तुन न्वे अडतीसपर्यंत पोचला. एकोणचाळीस, चाळीस. मग वाटी हंड्याच्या काठावर आपटली, पाणी सांडलं आणि तो गोंधळला. "चाळीस," तो म्हणाला, "की एकोणचाळीस... सदतीस..." त्याने असहायपणे हत्तीकडे बघितलं.

"चाळीस झाल्या, आफे," बापाला हाक मारणारा आवाज मागून आला. "सांडलेली धरू नका. आता एक्केचाळीस."

तो वळला नाही. वळायचं धैर्य त्याच्यात नव्हतं. त्याने वाटी बुडवली आणि घातली.

"एक्केचाळीस," सांदा म्हणाली. ती त्याच्या शेजारी येऊन गुडघ्यांवर बसली होती. "बेचाळीस."

"सांदा, मी खोटा आहे," तो पाणी घालता घालता म्हणाला.

"ठाऊक आहे. त्रेचाळीस."

"तुझ्या नवऱ्याला मी..."

"त्याला तुम्ही स्वतः सांगा. तुमचं गुपित मी त्यालाही सांगितलेलं नाही. चव्वेचाळीस." तिचा आवाज इथे एकदा तुटला. "किती उशीर केलात हो. मी ठरवलं होतं, तुम्ही या कोपऱ्यात स्वतःच्या पायांनी याल तेव्हाच बोलायचं. दर बुधवारी बस लागली की आडून उतरणाऱ्यांचे चेहरे बघायचे आणि मग वर यायचे."

साठ झाल्या तेव्हा फो सीने न सांगता हंडा पुन्हा भरला आणि एका शब्दानेही कुरकुर केली नाही. ओन म्या खांबाला टेकून उभी होती. तिला स्वतःच्या बापाचे पाय आठवत होते, भेगाळलेले, चिखलाचे. ते कधी आले नाहीत. पण हे दुसऱ्या कुणाचे आले, आणि तेही तिच्याच जिन्याने आले. तेवढ्यावर तिने मनाची समजूत घातली.

सहासष्टाव्या वाटीनंतर तुन न्वेचा हात थांबला. पुढे एकच उरली होती, येणाऱ्या वर्षाची. त्याने वाटी काठोकाठ भरली, दोन्ही हातांत धरली, आणि पहिल्यांदा मान वळवून मुलीकडे पाहिलं. तिच्या केसांत एक पांढरा केस आला होता.

"ही तू घाल," तो म्हणाला. "तू असशील तरच ते वर्ष मला हवंय."

सांदाने वाटी घेतली. थडिंजूला चार दिवस होते, पण ती तिथेच, ओल्या फरशीवर, वाटी बाजूला ठेवून बापाच्या पायांवर डोकं टेकून वाकली. मग उठली आणि तिने ते पाणी मूर्तीवर घातलं.

"सदुसष्ट," ती म्हणाली.